जावयासमोर भरलेला फॉर्म

रिसॉर्टच्या व्हरांड्यात जावई फॉर्म घेऊन बसला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागला. समुद्रात खाली उतरायचं तर आधी प्रकृतीची माहिती लिहून द्यावी लागते, हे हिंगणघाटहून निघताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लग्नाला वर्ष झालं म्हणून लेक-जावयाने आम्हा दोघांना अंदमानच्या या बेटावर आणलं होतं. मी पाण्यात उतरणार नाही हे मी विमानातच सांगून टाकलं होतं. हे मात्र उत्साहात होते.

"बाबा, बीपी?"

"नाई."

"शुगर?"

"नाई."

"दमा?"

"नाई," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता. लेकीने चहाचा कप उचलून तोंडाला लावला. जावयाने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

यांना दमा आहे. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढली, कापसाची धूळ छातीत जाऊन बसली. पण आमच्या घरात हा शब्द काढायचा नाही असा नियम होता, आणि तो मीच केला होता. बापाला दमा म्हटलं की पोरीच्या स्थळाला खोट येते. लोक पोहे खाऊन जातात आणि निरोप पाठवत नाहीत. म्हणून गावातला डॉक्टर नको, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि कुणी विचारलं तर नणंदेकडे गेलो होतो म्हणायचं. लग्नात होमाच्या धुरात हे कन्यादान होईपर्यंत बसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन दम्याचा पंप ओढून आले. जावयाच्या घरी आम्ही 'थोडी धुळीची ॲलर्जी' एवढंच सांगितलं होतं. मी शाळेत मास्तरीण. पोरांनी खोटं बोललं की उभं करते.

डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी हिंदीत सगळं समजावलं. पाण्याखाली श्वास कधी रोखायचा नाही. दमा असेल तर छातीत हवा अडकते, वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

खोलीत मी यांना गाठलं. "काऊन उतरता? पोट दुखते म्हणून सांगा."

"जावई काय म्हणन? सासरा भेला म्हणन," हे म्हणाले. "आन दहा मिनिटांचं तर काम आहे."

होडीत आम्ही चौघं, बाई आणि होडीवाला. यांना तो काळा रबरी पोशाख इतका घट्ट बसला होता की एरवी मी आठवडाभर चिडवलं असतं. पाठीवर सिलिंडर बांधला, कंबरेला वजनाचा पट्टा. हे होडीच्या काठावर बसले आणि मला ती शिट्टी ऐकू आली. छातीतली बारीक शिट्टी, जी मी रात्री-अपरात्री ओळखते. इंजिन बंद होतं म्हणून ऐकू आली. बाईंनी विचारलं, "सब ठीक?" यांनी अंगठा आणि बोट जुळवून ठीकची खूण केली.

मला असा राग आला, यांचा, माझा आणि त्या निळ्याशार पाण्याचाही. मी उठले तशी होडी हलली. मी यांच्या खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"इनको दमा है," मी म्हटलं. मग जावयाकडे बघून मराठीत म्हटलं, "यांना दमा आहे. पंधरा वर्षं झाली. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

बाईंनी लगेच यांच्या पाठीवरचा सिलिंडर सोडवला. हे खाली मान घालून बसले. जावई माझ्याकडे बघत होता, मग त्याने लेकीकडे बघितलं. तीही तयार होऊन बसली होती, मास्क कपाळावर.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

तिने कंबरेचा पट्टा सोडला, पिशवी ओढली, टॉवेलच्या गुंडाळीतून निळा पंप काढला. मला वाटलं, पोरीने बापासाठी आणला. मी हात पुढे केला. तिने तो हलवला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि ओढला.

तिचा फॉर्म तिने स्वतःच भरला होता.

"कधीपासून?" जावयाने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं. नवऱ्याला नाही तर नाही, आईला तरी सांगायचं, असंच माझ्या मनात आलं.

तिने शांतपणे पंपाला टोपण लावलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सांगून काय झालं असतं, आई? तू लपव म्हणाली असती."

मी अगदी तसंच म्हटलं असतं.