आधी हाणायचं, मग विचारायचं

लॉकडाऊनमध्ये आमच्या गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला तो मीच. बाहेरचा कुणी आला तर आधी हाणायचं, मग विचारायचं, हा नियमही माझाच. पुण्याहून सायकल मारत आलेल्या एका माणसाला पहिली काठी मी घातली. "पुढच्या गावचा हाय, जाऊ द्या," म्हणत तो हात जोडत होता. मी त्याला सायकलसकट काट्यात ढकललं.

मी स्वतः मात्र रोज पहाटे सायकलवर भटकायला जायचो. नियम बाहेरच्यांना, मला कसला! एकदा पार तेर गावापर्यंत गेलो आणि परतताना आडवाटेनं गावाच्या दुसऱ्या वेशीवर आलो. डोक्यावर नवं कोरं हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला रुमाल.

पहिली काठी मनगटावर बसली, दुसरी पाठीत. मी खाली पडलो तशा लाथा सुरू झाल्या. "आरं, मी हाय मी!" असं ओरडलो, पण आवाज रुमालातच घुसमटला. बरगडी मोडली ती मात्र मला स्पष्ट ऐकू आली. मारणाऱ्यांत सगळ्यात पुढं माझा सख्खा भाऊ होता.

शेवटी त्यानंच माझं हेल्मेट ओढून काढलं आणि काठी टाकली. "दादा, वळखलंच न्हाय तुला," म्हणत तो रडायला लागला.

त्याचं खरं होतं. माझं तोंड झाकलेलं होतं.

मी ज्याला काट्यात ढकललं, त्याचा चेहरा उघडा होता. शाळेत तो माझ्याच बाकावर बसायचा. मी त्याला लांबूनच ओळखलं होतं.