शेळीच्या उंचीवरून

आमच्या शेजारची पोरगी धाराशिवला चित्रकला शिकते. एसटीतून उतरली की वही घेऊन कुठंही बसते, कधी चुलीपुढं, कधी बाजेखाली. कुणी हसलं तरी उठत नाही. "हितनं येगळं दिसतंय," एवढंच म्हणते.

काल ती माझ्या शेळ्यांमधी बसली होती. मी नेहमीसारखा एका हातात पाला धरून आणि बांधायचं दावं पाठीमागं लपवून शेळीकडं गेलो. पोरीनं काढलेल्या चित्रात पाला होता, आणि माझ्या पायांमागं लोंबणारं दावं त्याहून ठळक होतं.

"शेळीला दिसतंय व्हय हे?"

"लई आधीपासनं, काका."

"मग येती कशी?"

"ते तिलाच इचारा की."

आज दावं पुढं धरून गेलो. शेळी नेहमीसारखी आली.