थंड खोलीतल्या गोधड्या

पुण्याच्या बिस्किट कंपनीतल्या साहेबानं मला विचारलं होतं, "मैदा मिसळता का हो तुम्ही?" विचारताना तो हसत होता, आणि शेजारच्या खुर्च्यांवर माल पुरवणारे आणखी दोघे बसले होते. त्याला आता वर्ष होत आलं. परत आलेली पोती मी विसरलो, ते हसणं विसरलो नाही.

मी भांडखोर आहे हे जळकोटपासून तुळजापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नववीत शाळा सुटली. सायकलला पिशव्या अडकवून आठवडी बाजारात कुरडया-पापड विकले, आणि भाव पाडून मागणाऱ्यांशी वाद घालत घालत हायवेच्या कडेला पत्र्याचा कारखाना उभा केला. मालात मात्र कधी काही मिसळलं नाही. त्यात पुण्यकर्म काही नव्हतं. भेसळ करणाऱ्याला घासाघीस करताना आवाज चढवता येत नाही, आणि आवाज न चढवता मला सौदाच करता येत नाही.

आमचा माल म्हणजे ज्वारीचा चीक. धान्य भिजवायचं, वाटायचं, फडक्यातून गाळायचं आणि तळाला बसलेला पांढरा साका वाळवायचा. बायका कुरडयांसाठी गव्हाचा काढतात तसाच. कंपनीच्या भाषेत स्टार्च. हे काम मला शिकवलं ते आमच्याकडच्या मावशींनी. नात्यानं त्या माझ्या कोणी नाहीत, पण सायकलवरच्या दिवसांत माझ्या कुरडया त्याच करून द्यायच्या, आणि कारखाना झाला तेव्हा पहिल्या दिवशी त्याच आल्या. बोटाला चीक लावून दोन बोटांत घासतात आणि अजून एक पाणी बदलायचं की नाही ते सांगतात. एरवी मला बाळा म्हणतात, रागावल्या की मालक.

साधा चीक विकून पोट भरत होतं. मग एका प्रशिक्षणात ऐकलं की हाच चीक शिजवून, चांगला एक दिवस गार ठेवून, मग वाळवून दळला की त्यातला काही भाग पोटात पचत नाही, तो चोथ्यासारखं, म्हणजे फायबरचं काम करतो. साखरेच्या आजाराच्या लोकांसाठी बिस्किटं करणाऱ्या कंपन्यांना असा स्टार्च हवा असतो. घरी येऊन मावशींना सांगितलं.

"मंजे शिळ्या भाकरीचाच धंदा की," त्या म्हणाल्या.

बोलल्या ते अगदी बरोबर होतं. शिळ्या भाकरीत हेच होतं. फक्त आम्हाला ते दर वेळी एकसारखं, मोजून करायचं होतं.

पहिले नमुने मी स्वतः केले, घरच्या फ्रीजमध्ये. ते पुण्यात पास झाले. मग मी थंड खोली बांधली. शिजवलेला चीक परातींत ओतायचा, पराती मांडणीवर लावायच्या, दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशीच उघडायचं. हे काम मावशींकडं. भिंतीला तापमापक, त्याचा आकडा दाराबाहेर दिसायचा, आणि तिथंच वही. मी सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचो, आणि मी परंड्याकडं ज्वारी बघायला गेलो की मावशी लिहायच्या. वहीत आकडे असे एका ओळीत की कुणालाही दाखवावेत.

आणि तरीही माल कधी पास, कधी नापास. एकाच शेतातली ज्वारी, तेच पाणी, तीच खोली. एका खेपेला फायबर ठरल्याप्रमाणं, पुढच्या खेपेला इतकं कमी की साहेबाला मैद्याची शंका आली. आता कळतं, त्याच्या जागी मी असतो तर मलाही आली असती. तेव्हा मात्र टेबलावर हात आपटून बाहेर पडलो. परतीच्या रस्त्यात चालकाला दोनदा गाडी थांबवायला लावली, कारण बसवत नव्हतं.

मग मी सगळ्यांशी भांडलो. ज्वारी देणाऱ्याशी, गिरणीवाल्याशी, थंड खोली बसवणाऱ्याशी. साहेबानं शेवटची संधी दिली होती: आणखी एक नमुना, तो चुकला तर आमचं दार बंद, आणि दुसऱ्या कंपन्यांनी विचारलं तर खरं काय ते सांगू. खरं म्हणजे मैदा. ते शब्द मला झोपू देत नव्हते. कारखाना गेला तर दुसरा उभा करीन, पण भेसळवाला म्हणून नाव पडलं तर कुणाच्या दारात सौद्याला उभा राहू?

एके दिवशी वही घेऊन बसलो आणि पास झालेल्या खेपांच्या तारखा काढल्या. एक खेप चैत्रातली, सोनारीच्या जत्रेच्या दिवसांतली. एक मावशींच्या भाचीच्या लग्नातली. एक त्यांना ताप होता तेव्हाची. माल पास झाला तेव्हा मावशी कारखान्यात नव्हत्या.

पुढचं लिहायला जड जातं. मला वाटलं, त्या चीक घरी नेतात आणि वजन भरायला मैदा घालतात. ज्या बाईच्या कुरडयांवर मी उभा राहिलो, तिच्याबद्दल. साहेबानं निदान तोंडावर विचारलं होतं.

परंड्याला जातो असं सांगून निघालो आणि भर दुपारी परत आलो. थंड खोलीचं दार उघडलं. मांडणीवर पराती, आणि प्रत्येक फळीवर घडी घातलेली गोधडी. जुन्या लुगड्यांच्या, जाड, सुरेख टाके घातलेल्या सहा गोधड्या. एक उचलून खाली हात घातला. भिंतीवरच्या आकड्यात फ्रीजइतकी थंडी, आणि परात कोमट.

"मावशी, हे काय आहे?"

"गोधड्या हाईत. तुमाला काय वाटलं?"

"कुणी घातल्या?"

"म्या. दुसरं कोन घालनार?"

"थंड करायच्या खोलीत गोधड्या?" माझा आवाज वाढला तसं बाहेर काम थांबलं.

त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वरडू नका मालक. उघडा चीक गार वाऱ्यात ठिवला की वर पापुद्रा धरतो. वाफ गेली की चीक रुसतो, सोऱ्यातून निघत न्हाय. आमी जनमभर झाकूनच ठिवलाय. आन फ्रीजात चपात्या तुमच्या घरी उघड्या ठिवत्यात का फडक्यात?"

"पण तुम्ही वहीत लिहीत होता की एवढं गार!"

"भितीवरचं लिवा म्हनालात. भितीवरचं लिवलं. परातीला कुटं घड्याळ लावलंय तुमी?"

त्यांचं खरं होतं. मी भिंतीचा गारवा लिहीत होतो, चिकाचा नाही. कुरडईला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, गार झाला की तारा तुटतात. ते शहाणपण त्यांच्या हातात होतं, आणि आम्हाला हवं होतं नेमकं उलटं. गार होतानाच ते सगळं घट्ट होतं, न पचणारं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. शिळी भाकरी म्हणून त्या हसल्या, मीही हसलो, आणि तिथंच सोडून दिलं.

मी दारातल्या रिकाम्या पोत्यांवर बसलो. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. चोरी नव्हती. मैदा नव्हता. गोधड्या होत्या.

"बरं वाटत न्हाय का, बाळा?" त्यांनी विचारलं. माझ्या मनात काय आलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी एकाच पोत्यातली ज्वारी घेतली, एकाच पातेल्यात शिजवली. अर्ध्या पराती गोधड्यांखाली, अर्ध्या उघड्या. परातींत तापमापक खोचले. दोन पिशव्या केल्या, गोधडीखालची एक नंबर, उघडी दोन नंबर, आणि नुसते आकडे लिहून साहेबाकडं पाठवल्या. फोनवर म्हणालो, "दोन्हीत मैदा शोधा. सापडला तर तुमच्यासमोर कारखान्याला कुलूप लावतो."

आठवडाभर वाट बघण्यात मी कुणाशीही भांडलो नाही. घरच्यांना वाटलं, तब्येत बिघडली.

साहेबाचा फोन आला. दोन्हींत ज्वारीशिवाय काही नाही. एकात फायबर कमी, दुसऱ्यात मागितल्यापेक्षा थोडं जास्तच. "दोन नंबर नेहमी असाच देऊ शकाल? भाव सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगितला नाही. "भाव तुम्ही म्हणाल तो. मला एक पत्र पाहिजे. आधीच्या मालात भेसळ नव्हती, फरक गार करण्यातला होता, एवढंच."

"कशाला हो? मी तसं काही म्हणालो नव्हतो."

"मग लिहायला काय अडचण आहे?"

मग म्हणाला, "तुम्ही लई चिवट आहात." 'लई' हे त्याचं नव्हतं, माझ्याकडूनच गेलं असावं.

पत्र आलं. माफी नाही, हसल्याचा उल्लेख नाही. एवढंच, की पूर्वीच्या नमुन्यांत मिसळलेला कोणताही पदार्थ आढळला नाही, फरक थंड करण्याच्या पद्धतीमुळं होता. ते हसणं माझ्या मनातून गेलेलं नाही, जाणारही नाही. पण कागद घडी करून खिशात ठेवला तेव्हा खांद्यावरचं पोतं उतरवल्यासारखं झालं. त्या रात्री आडवा झालो तो थेट उजाडल्यावर उठलो.

सकाळी मावशींना ते वाचून दाखवलं. गोधड्या बाहेर तारेवर वाळत होत्या, आणि त्या एका हातानं परातीतला तापमापक वर काढून बघत होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "माज्या गोधड्यांचं नाव न्हाय ना त्यात?"

"न्हाय."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि तापमापक परत चिकात खोचला.