हजानकाकांनी कापलेला दोरा

हजानकाकांसमोर कुणी "दृष्ट लागेल हो" म्हणालं, की ते हातातलं काम बाजूला ठेवून विचारायचे, "कुणाची? नाव सांग. त्याला चहाला बोलवू." नाव अर्थातच कुणाकडे नसायचं. मग काका मान डोलावून पुन्हा कामाला लागायचे आणि दृष्टीची आठवण काढणारी व्यक्ती, बहुतेक वेळा माझी आई, पुटपुटत जिना चढायची.

चरईतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ते पहिल्यावर. काका बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी यहुद्यांपैकी. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात जन्मभर त्यांनी यंत्राचे सुटे भाग तपासले आणि निवृत्त झाल्यावर सिनेगॉगमध्ये शनिवारची प्रार्थना चालवू लागले. प्रार्थना चालवणाऱ्याला हजान म्हणतात, म्हणून ते आख्ख्या बिल्डिंगचे हजानकाका झाले. कारखान्यातली सवय मात्र गेली नव्हती. कुणी काही ठासून सांगितलं की म्हणायचे, "मोजून दाखव." नवसाने ताप उतरला? मोजून दाखव. लिंबू-मिरची टांगल्यापासून गिऱ्हाईक वाढलं? मोजून दाखव. आईला त्यांचा भारी राग यायचा, आणि कैरीचं लोणचं झालं की पहिली बरणी त्यांच्याकडेच जायची.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची डबी तिरकी बसवलेली होती. तिला मेझुझा म्हणतात. आत कातड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना असते. परीक्षेला निघालेली बिल्डिंगमधली पोरं गुपचूप तिला हात लावून जायची. बारावीच्या वर्षी काकांनी मलाही पकडलं. "अगं वैशाली, तो ताईत नाही," ते म्हणाले. "जाता-येता देव आठवावा म्हणून आहे. अभ्यास झालाय का?" मी नाही म्हटलं. "मग डबी काय करणार?" देवाची आज्ञा पाळायची ती आज्ञा म्हणून, तिचं स्वतःपुरतं औषध करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी, सारामावशी, हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि बाहेरच्या खोलीत दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात तो निळ्या डोळ्याचा पंजा टांगायच्या. "शोभेला आहे हो," असं वर काकांनाच सांगायच्या. "आमच्यात पहिल्यापासून दोन तट आहेत," काका मला समजवायचे. "आमच्याच जुन्या पंडितांनी ताईत लिहिले आणि आमच्याच जुन्या पंडितांनी त्यांना शिव्या घातल्या. मी शिव्यावाल्यांच्यातला."

घरात मलिदा व्हायचा तेव्हासुद्धा हेच. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, फळं यांचं ते ताट एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मांडलेलं असायचं आणि मावशींच्या ओठांवर कुठला तरी नवस असायचाच. काका म्हणायचे, "आभार मान. देवाशी घासाघीस नको." मावशी डोळे मिटूनच हो म्हणायच्या.

त्यांचा मुलगा बेनी आणि सून शेरॉन त्यांच्याजवळच राहत. शेरॉन हसरी, कामाची, आणि काकांची लाडकी. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा इस्रायलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या तिच्या मावशीने एक लाल दोरा पाठवला. त्यांच्या आद्यमातांपैकी एक असलेल्या राहेलमातेच्या कबरीला गुंडाळून आणलेला, बाळंतपण सुखरूप होण्यासाठी मनगटाला बांधायचा. शेरॉनने तो बांधला. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा काकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"शेरॉन, राहेलमाता स्वतः कशाने गेली गं?" त्यांनी विचारलं.

"बाळंतपणात, पप्पा."

"आणि तिच्या कबरीचा दोरा बाळंतपणासाठी?"

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. शेरॉनही हसली. काकांनी कात्री आणली आणि तिने आपणहून हात पुढे केला. कसलीही जबरदस्ती नव्हती. दोरा कापला जात असताना तिने अंगठा मुठीत दाबून धरला होता, ते मला दिसलं, पण मी भातावर आमटी वाढून घेत होते.

महिनाही झाला नसेल आणि तेही मूल गेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण इतकं स्वच्छ होतं, की दोऱ्याचा त्याच्याशी काही संबंध असणं शक्यच नव्हतं. तरी तो सगळ्यांनी जोडला. आईने माझ्यापाशी बोलून दाखवला, मावशींनी न बोलता. फक्त शेरॉनने जोडला नाही. ती काकांना पहिल्यासारखाच आलं घातलेला चहा करून द्यायची आणि ते त्यांना सोसत नव्हतं. जन्माला न आलेल्या मुलासाठी त्यांच्यात शोकाला बसणं नाही, प्रार्थना नाही. दुसऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना म्हणणाऱ्या माणसापाशी स्वतःच्या घरी म्हणायला काहीच नव्हतं.

दरवर्षी किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाआधी काका बिल्डिंगमधलं प्रत्येक दार वाजवायचे. "वर्षभरात काही बोललो असेन तर माफ करा," म्हणायचे. माणसाने माणसाची मागितली नाही तर देव आपली माफी देत नाही, हा त्यांचा नियम. त्या वर्षीही ते आमच्याकडे आले. स्वतःच्या घरात मात्र त्यांना ते जमलं नाही.

"कशाची मागू?" त्यांनी मला जिन्यातच विचारलं. "दोरा कापल्याची मागितली तर त्या दोऱ्यात काहीतरी होतं, असं मीच कबूल केल्यासारखं होतं. मग इतकी वर्षं मी काय बडबडत होतो?"

"तुमचा काही दोष नाही, काका," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही."

पुढच्या वर्षी बेनी आणि शेरॉन अश्दोदला राहायला गेले. कारण नोकरीचं सांगितलं होतं आणि ते खरंही असेल. त्यानंतर काका सकाळी तलावपाळीला फिरायला येऊ लागले, बऱ्याचदा माझ्याबरोबर. एकदा बाकावर बसल्यावर ते बोलू लागले.

"आमच्या जुन्या ग्रंथांत आहे, विंचू चावलेल्या माणसावर मंत्र पुटपुटायला परवानगी आहे. शब्बाथला, विश्रांतीच्या शनिवारीसुद्धा. मंत्राने विष उतरत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण घाबरलेल्याचं मन फाटू नये, म्हणून. हे मी स्वतः सिनेगॉगमध्ये मुलांना शिकवलंय, वैशाली."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"दोऱ्याने मूल वाचलं नसतं. पण आधीच्या दोन्ही वेळांच्या भीतीने ती पोर रात्र रात्र जागायची, आणि दोरा बांधल्यापासून तिला झोप लागायला लागली होती. साराने मला नंतर सांगितलं. मी दोरा नाही कापला गं. तिची झोप कापली. आणि कशासाठी? तर माझं वाक्य चांगलं जमलं होतं."

"मग हीच माफी मागा की," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण फोन केला नाही. महिने गेले.

शेवटी शेरॉनचाच फोन आला. मी लोणच्याची रिकामी बरणी न्यायला गेले होते. काकांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर होता. तिला पुन्हा दिवस राहिले होते. "आणि पप्पा, तुम्ही काळजी करू नका हां," ती म्हणाली. "या वेळी मी काही बांधलेलं नाही."

काकांनी फोन जवळ ओढला. "बांध," ते म्हणाले.

"काय?"

"दोरा. बांध तू."

"पण तुम्ही मानत नाही ना?"

"नाही मानत. तुला झोप लागते का?"

काका फोनवर आणखी वाकले.

"तेव्हा माझं चुकलं, शेरॉन. मला बोलण्यात जिंकायचं होतं. मला माफ कर."

ती रडत होती. मग म्हणाली, "मग तुम्हीच पाठवा. तुमच्या हातचा बांधीन."

काकांनी जांभळी नाक्यावरच्या दुकानातून लाल दोऱ्याचं साधं रीळ आणलं, वीतभर दोरा कापला आणि कुरिअरवाल्यालाही बजावलं की यात काही नाही, नुसता दोरा आहे. त्यावर त्यांनी साधी प्रार्थनाही म्हटली नाही. तो तसाच गेला आणि तिने बांधला.

मुलगी झाली. बिल्डिंगभर पेढे वाटले गेले आणि जो तो म्हणू लागला, बघा, दोरा लागू पडला. मला वाटलं होतं काका आता मोकळे होतील. ते पेढ्यांचा बॉक्स धरून जिन्यात उभे होते. "सगळे म्हणतायत लागू पडला," ते मला हळूच म्हणाले. "आणि खरंच पडला असेल, तर मग त्या वेळी..." पुढचं त्यांनी ओठांवर येऊ दिलं नाही. ते दुसरं दार वाजवायला गेले.

पुढे काका आणि मावशीही कायमचे अश्दोदला निघाले. टॅक्सीत सामान चढवून झालं. आई निरोपाला खाली आली होती. मावशींच्या हातात लाडवांचा डबा देताना ती काकांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही काही म्हणा, पण त्या दोऱ्यानेच राखलं हो पोरीला."

आता जाताजाताही वाद होणार, असं वाटून मी काकांकडे पाहिलं. मावशीही त्यांच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्या डोळे मिटून बसल्या होत्या, पण काकांनी आता तरी हो म्हणावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. काकांनी ते पाहिलं.

"हो वहिनी," ते म्हणाले. "दोऱ्यानेच राखलं."

मावशींनी आईचा हात घट्ट धरला. दोघींचे डोळे भरून आले होते आणि दोघी हसत होत्या. काका पुढच्या सीटवर बसले. मी खिडकीशी वाकले, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोऱ्याने ही राखली असेल तर आधीचं मूल कुणी घालवलं, हे त्या घटकेला त्या दोघींच्या मनातही आलं नव्हतं. त्या दोघींच्या समाधानासाठी काकांनी तो दोष आपल्या अंगावर घेतला होता. ते जे बोलले, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, असं मी अजून स्वतःला सांगत असते.