खंडेनवमीची रायफल

विलायतेत, हॅरोतलं आमचं पहिलं घर आठवलं की मला आधी वाफ दिसते. स्वयंपाकघराची खिडकी वाफेने पांढरी झालेली, बाहेर धुकं, कोपऱ्यात रॉकेलचा हीटर फुरफुरतोय, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून हे बसलेत. समोर रायफल, सगळे भाग सुटे केलेली. स्प्रिंगा, स्क्रू, ब्रश, तेलकट चिंध्या. मी लाटणं हातात घेऊन उभी. "अहो, पोळ्या काय माझ्या डोक्यावर लाटू?" असं मी म्हणायची. मान वर न करता हे म्हणायचे, "पाच मिनिटं गं." त्यांच्या पाच मिनिटांत माझी कणीक वाळून जायची.

माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. पण खरं सांगायचं तर त्यांना तसं बसलेलं बघायला मला आवडायचं. पुण्याजवळच्या सरकारी शस्त्र कारखान्यात हे फिटर होते, चांगले नावाजलेले. इथे आले ते बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागले. दिवसभर डब्यात बिस्किटं भरायची, हाताला काही कामच नाही. म्हणून मग त्यांनी परवाना काढला, एक मोडकी लहान रायफल रीतसर विकत घेतली आणि सहा महिने खपून ती उभी केली. लाकडी दस्ता घरी तासला, झिजलेले तुकडे नवे बसवले. चाप ओढला की एक गोळी सुटायची, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडायची आणि दुसरी गोळी आपसूक जागेवर यायची. हे सगळं करणारा तुकडा, बोल्ट, ह्यांनी इतका गुळगुळीत केला होता की बोटाने मागे ओढून सोडला की नुसता सुळकन जायचा.

रेल्वेलाइनपलीकडच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये एक नेमबाजीचा क्लब होता. तिथे दर शनिवारी हे जायचे. क्लबातला एक म्हातारा इंग्रज बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान चालवायचा. त्याने ही रायफल उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की त्याला हाताखाली माणूस हवाय. म्हणाला, हिच्यातून पन्नास गोळ्या एकदाही न अडकता सुटलेल्या दाखव, मग दुकानात ये. त्या दिवशी हे घरी आले ते शीळ घालत. लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांची शीळ ऐकली. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर लाजले चक्क.

रायफल भिंतीतल्या कपाटात कुलपात असायची. किल्ली फक्त ह्यांच्याकडे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, परवान्याची अटच होती तशी. पोलीस घरी येऊन कपाट बघून गेले होते. पण किल्ली खुंटीवरच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात असते हे बायकोला ठाऊक नसणार का?

आणि मग खंडेनवमी आली. माहेरी आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, वडिलांची करवत, सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडत. हळद-कुंकू वाहत, खोबरेलाचा हात फिरवत. मी ह्यांना म्हटलं, "रायफलची पूजा करू या." हे म्हणाले, "वेडी आहेस का? लायसन्सची वस्तू आहे ती." मला राग आला. नोकरी लागायची वेळ, आणि जिच्यावर ती लागायची तिला दोन बोटं कुंकू नको? हे कामावर गेल्यावर मी कपाट उघडलं. रायफल पाटावर ठेवली, हळद-कुंकू, फुलं वाहिली, आणि दिसेल त्या प्रत्येक फटीत, भोकात, खोबरेल सोडलं. चांगलं सढळ हाताने. मग पुसून जागच्या जागी ठेवली आणि किल्ली परत खिशात. दिवसभर मला कसं छान, हलकं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी म्हाताऱ्यासमोर तिसऱ्याच गोळीला पुंगळी अर्ध्यात अडकली. बाहेर पडेना, आत जाईना. ह्यांनी ती काढली, पुन्हा चाप ओढला, पुन्हा तेच. म्हातारा म्हणाला, घाई नाही, तीन आठवड्यांनी बघू.

ते तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर अजून धुक्यासारखे तरंगतात. रोज संध्याकाळी टेबलावर रायफल. ह्यांनी स्प्रिंग बदलली. गोळ्यांचं मॅगझीन बदललं, मग गोळ्याच बदलल्या. एका वहीत सगळं लिहून ठेवायचे. गंमत अशी की घरात बोल्ट ओढून बघितला की कुठे अडकणं नाही की काही नाही. क्लबात नेली की रुसली. आधी आपल्याच कामावर संशय घ्यायची ह्यांची सवय. स्वतः बसवलेले तुकडे काढून काढून घासत राहिले. जे जुनं, मूळचं होतं ते खोलून बघायचं त्यांच्या मनातच आलं नाही. आणि खोबरेलाचा वास म्हणाल तर आमच्या घराला, माझ्या केसांना, उशांनासुद्धा तोच होता. एके दिवशी हे आपले तळवे बघत म्हणाले, "हात गेला गं माझा. बिस्किटं भरून भरून गेला." मी काहीतरी तडकून बोलले, "उगाच काहीतरी अभद्र बोलू नका!"

त्यानंतर एका सकाळी हीटरमधलं रॉकेल संपलं. वेणी घालायला बसले तर हीटरशेजारची खोबरेलाची बाटली दगडासारखी घट्ट. मी ती उलटी करून हलवत होते आणि एकदम हात थांबला. हीटरशेजारी पातळ. थंडीत घट्ट. तो पत्र्याचा शेड तर नुसता बर्फ!

अगं बाई गं. मी तशीच, मोकळ्या केसांनी, ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ह्यांनी रायफल पार आतपर्यंत खोलली, तेव्हा बोल्टच्या मागच्या खोबणीतून कुंकवाने लाल झालेला थिजलेला चिखल निघाला. तो बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. मला वाटलं आता ओरडणार. तर म्हणाले, "म्हणजे हात शाबूत आहे." आणि हसले. मी मात्र रडायला लागले.

ठरलेल्या शनिवारी मीही क्लबात गेले, कोपऱ्यात चहाच्या भांड्याजवळ बसले. एकामागून एक पुंगळ्या उडत होत्या, खाली टणटण पडत होत्या. मी मोजत होते. पन्नास. एकही अडकली नाही. म्हातारा खूश झाला, ह्यांच्या पाठीवर थोपटलं आणि सहज विचारलं, "मग दोष काय होता?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझीच चूक. चुकीचं तेल घातलं होतं मी."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला. तेल घालणं हा त्याच्या धंद्यातला पहिल्या दिवशीचा धडा. लोकांच्या बंदुका असतात, तो म्हणाला, जपायला लागतं. वाईट वाटलं त्यालाही. चहा घ्या म्हणाला.

बसमध्ये मी म्हटलं, "का बोललात तसं?" हे म्हणाले, "तू कपाट उघडलंस हे कळलं असतं तर परवाना गेला असता." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सोमवारी नेहमीच्या वेळेला फॅक्टरीत गेले. निवृत्त होईपर्यंत तिथेच जात राहिले.

परवान्यासाठी मीही गप्प बसले, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आले. ह्यांनाही तेच सांगितलं. पण ते खोटं आहे. त्या कोपऱ्यात बसले असताना परवाना माझ्या मनातही आला नव्हता. बंदुकीला हळद-कुंकू लावलं, हे त्या गोऱ्या लोकांसमोर सांगायची मला लाज वाटली. दोन वाक्यांचं तर इंग्रजी होतं. मला येत होतं.