आईच्या हशाच्या जागा

माझी आई हसायला लागली की माझ्या पोटात गोळा यायचा. इतरांच्या आया रडायला लागल्या की पोरं घाबरतात, आमच्याकडे सगळं उलटं. आईला दमा होता. धूळ, उदबत्ती, मिरचीचा ठसका, दमा उठायला काहीही पुरायचं, पण सगळ्यात वाईट म्हणजे हसू. ती बेतानं हसणारी बाई नव्हतीच. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून, शेजारी बसली असेल तिच्या पाठीत धपाटे घालत हसायची. मग त्या हसण्याचा खोकला व्हायचा, खोकल्यातून छातीत शिट्टी वाजायला लागायची, आणि ती शिट्टी ऐकली की घरातले सगळे जागच्या जागी थांबायचे.

आणि एवढं असून बाईला वेड कशाचं? तर विनोदी नाटकांचं. त्यातही गाण्याची विनोदी नाटकं म्हणजे तिचा जीव की प्राण. पुढे पेटी-तबला बसलेला आणि वर कुणीतरी एकदम गंभीर चेहऱ्यानं भलत्याच गोष्टीवर ताना मारतोय, असं काही असलं की ती रविवारची सगळी कामं शनिवारीच उरकायची. आम्ही डोंबिवलीत राहायचो, ती शहाडला एका शाळेत शिकवायची. आठवडाभर खडूची धूळ खायची आणि रविवारी मला म्हणायची, "चल, छाती मोकळी करून येऊ." छाती मोकळी! हे दम्याच्या माणसानं म्हणायचं!

मी सातवीत असताना पहिल्यांदा ते घडलं. आमच्या इमारतीच्या गणपतीत मैदानात चौक्या जोडून स्टेज केलेलं. खालच्या मजल्यावरचे एक काका, एरवी बँकेत खाली मान घालून बसणारे, नऊवारी नेसून गवळणीतली मावशी झालेले. त्यांनी कृष्णाला वाट सोडायला सांगता सांगता "आधी पासबुक आण" असं गाण्यातच म्हटलं आणि आई सुटली. हसली, हसली, आणि मग तिचा आवाजच येईना. तोंड उघडं, डोळे मोठे, खांदे वर चढलेले. दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी मागे धावत होते, पायात एकच चप्पल. पुढे बसलेल्या पोरांना वाटलं हेही नाटकातलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या डोक्यात अजून आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं तिचा रंग परत आला. मग ते म्हणाले, "बाई, यापुढे हसणं जरा जपून." आई भिंतीला टेकून बसलेली, धड बोलताही येत नव्हतं, तरी म्हणाली, "डॉक्टर, हे परत म्हणू नका हो. मला हसू येतंय."

त्यानंतर घरात दम्याचा पंप आला. तेव्हा पंप ही नवीन गोष्ट होती आणि सगळ्या नातेवाइकांचं एकमतानं म्हणणं होतं की पंप लागला म्हणजे माणूस संपला. "सवय लागते त्याची, मग औषधच चालत नाही," असं ज्याला त्याला ठाऊक. आईला त्याची इतकी लाज वाटायची की ती मोरीत जाऊन, कडी लावून, नळ सोडून पंप घ्यायची. बाबांनी जाहीर केलं, नाटकं बंद. आई "बरं" म्हणाली आणि पुढच्याच रविवारी इंदुरी साडी नेसून दारात उभी राहिली. बराच वाद झाला. शेवटी तह झाला तो असा की आईनं एकटीनं जायचं नाही. मी सोबत जायचं आणि पंप माझ्या पर्समध्ये राहणार.

म्हणजे तेराव्या वर्षी माझ्या आईचा जीव माझ्या पर्समध्ये. मी ती पर्स मांडीवर धरून, चेन अर्धी उघडी ठेवून बसायची.

आमच्याकडे तेव्हा नाट्यगृह नव्हतं, ठाण्याला जावं लागायचं. जाताना कळव्याची खाडी आली की आई डबा उघडून लाडू काढायची, मला घास जायचा नाही. रविवारचा दुपारचा प्रयोग. पडदा वर गेला की सगळे समोर बघायचे आणि मी आईच्या गळ्याकडे. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे एक खळगा असतो. श्वास लागला की तो आत ओढला जातो, हे डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलं होतं. लोक हसले की मी खळगा बघायची. खळगा ठीक असला की पुढच्या हशाची वाट बघायची, घाबरत. नाटकात काय चाललंय, कोण कुणाचा नवरा, देवाशपथ मला काही कळायचं नाही. तीन-चार वर्षं मी अशी नाटकं बघितली. बघितली कसली!

मग मला एक शक्कल सुचली. शेजाऱ्यांनी एका नाटकाची कॅसेट आणली होती. त्यात एका गायनमास्तरांना डॉक्टरनं बोलायला बंदी केलेली असते, पण गायला बंदी नाही. मग तो माणूस दूधवाल्याशी भांडतो गाऊन, बायकोकडे चहा मागतो गाऊन, चोराला पकडल्यावर शेजाऱ्यांना हाका मारतो त्याही गाऊन, आणि त्या हाका आलापीत इतक्या रमतात की चोर दोन टाळ्या वाजवून निघून जातो. आईला हेच नाटक ठाण्याला बघायचं होतं. मी ती कॅसेट आठ दिवस मागून आणली, आई शाळेत असताना ऐकली, आणि लोक कुठे हसतात त्या सगळ्या जागा वहीत उतरवल्या. मोठा हशा, छोटा हशा, टाळ्यांसकट हशा. गणिताचा अभ्यास मी इतका मन लावून कधी केला नव्हता.

माझा हिशोब सोपा होता. माणूस हसतो कशाला? अचानक काहीतरी येतं म्हणून. मग अचानक येऊच द्यायचं नाही. नाटकात मी आईच्या कानाला लागले. "आता तो दूधवाल्याला मापट्यावरून गाणार आहे." "आता बायको चहाऐवजी काढा आणणार." "आता चोर टाळ्या वाजवणार, हं." आणि काय सांगू, लागू पडलं! लोकांनी अख्खं थिएटर डोक्यावर घेतलेलं आणि आई नुसती ओठ मिटून गोड हसतेय. खळगा जागच्या जागी. परत येताना मला आकाश ठेंगणं झालं होतं. मग काय, ज्या नाटकाची कॅसेट मिळेल त्या नाटकाचे हशे पाठ करायचे आणि आईच्या कानात ओतायचे, असं वर्षभर चाललं. मागच्या रांगेतले लोक शुक् शुक् करायचे. एका बाईनं तर "तुमच्या मुलीला जरा शिस्त लावा" असंही ऐकवलं. मी ढिम्म. त्यांची आई थोडीच मरणार होती.

त्या गायनमास्तरांच्या नाटकाला आम्ही परत गेलो, बारावीच्या सुट्टीत. मी निर्धास्त होते, वहीसुद्धा लागत नव्हती. दुसऱ्या अंकात मास्तर नळ दुरुस्त करणाऱ्याला गाऊन तक्रार सांगतो ती जागा आली. मी कानात म्हटलं, "आता तो तीन ताना घेणार आणि नळवाला पान्ह्यानं ताल धरणार." त्यानं तीन ताना घेतल्या. नळवाल्यानं ताल धरला. आणि मग तो नट एकदम थांबला, पुढे आला, प्रेक्षकांकडे बघून त्याच सुरात म्हणाला, "डोंबिवलीहून कोणी आलंय का हो? कळ सोसा! नळाला पाणी आलं तर ते असं दिसतं!" आणि तांब्यातल्या पाण्याची चूळ भरून ती वर उडवली.

हे कॅसेटमध्ये नव्हतं. पदरची वाक्यं घालतात नट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे पाण्याचे असे हाल होते की आई आदल्या रात्री टँकरच्या रांगेत दोन बादल्या घेऊन उभी होती. ती आधी "अगो बाई!" म्हणाली आणि मग फुटलीच. पुढच्या खुर्चीवर डोकं ठेवून हसली. मी खळगा बघायला वाकले तर तो दिसेना, तिची मान खाली. मग शिट्टी. एवढ्या हशात ती फक्त मला ऐकू आली.

मी पंप काढला तर तिनं माझा हात ढकलला. लोक बघतायत! जीव जायला लागलाय आणि हिला लोक दिसतायत! मी तिला दंडाला धरून रांगेतून ओढत बाहेर आणलं, पाय तुडवत, शिव्या खात. बाहेर व्हरांड्यात तिचे ओठ जांभळट झाले होते. मी ओरडले, "घे, नाहीतर मी इथे भोकाड पसरीन!" तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड करून पंप घेतला. एकदा. दोनदा. काही होईना. दारावरच्या माणसानं रिक्षा थांबवली, जवळच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं, आणि मग कुठे ती वाकलेली सरळ झाली.

मी तिला नको नको ते बोलले. लाज नाही का तुला, मरायचंय का, माझा विचार करतेस का कधी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात, दोन-दोन शब्दांना थांबत म्हणाली, "वर्षभरात मी आज हसले. तू आधी सांगतेस ना, तेव्हा मला काही ऐकूच येत नाही. नुसती तुझी भीती ऐकू येते." तिनं माझा हात धरला आणि परत थांबत थांबत म्हणाली, "एवढी मेहनत केलीस म्हणून तुला सांगितलं नाही. वाईट वाटलं असतं तुला."

त्यानंतर सहा महिने नाटकाचं नाव निघालं नाही. मला वाटलं, सुटले. आणि एके दिवशी शाळेतून येताना ती स्वतः ठाण्याला जाऊन तिकिटं काढून आली. तिकीटविक्रीचा प्लॅन उघडल्या उघडल्या गेली होती, म्हणजे पाहिजे ती खुर्ची मिळाली असती. मी तिकिटं बघितली. एक पाचव्या रांगेतलं, एक बाराव्या.

"शेजारी नव्हती?" मी विचारलं.

"होती की," ती म्हणाली. "पंप दे इकडे."

मी नाही म्हटलं, भांडले, रडले. बाबांना मध्ये घातलं, तर ते आईकडे बघून पेपर वाचायला लागले. शेवटी पंप तिच्या पर्समध्ये गेला आणि मी माझी रिकामी पर्स मांडीवर घेऊन बाराव्या रांगेत बसले. तिथून मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. नाटकात लग्न लागायचंय आणि नवरदेव पळालाय, म्हणून भटजी मंगलाष्टकं लांबवत बसलेत, हे मला अर्धवट कळत होतं. लोक हसले की तिचे खांदे हलायचे. खांदे हसून हलतात तसेच खोकूनही हलतात. पाठमोरं काय कळणार? मी मनात रामरक्षा सुरू केली, ती मंगलाष्टकांच्या चालीत जायला लागली.

मांडवातला एकेक माणूस नवरदेवाला शोधायला जातो आणि परत येत नाही. मामा गेला, काका गेला, वऱ्हाड संपत आलं. भटजी आपले दर वेळी "शुभमंगल" म्हणतात, बायका अक्षता उचलतात, तर ते लगेच त्याच चालीत नवीन कडवं गातात, की बाहेर कुणाची तरी छत्री सापडली आहे. तिथे मला हसू आलं. खरंच आलं, मी डोळे मिटून हसले. उघडले तर पाचव्या रांगेत अंबाडा नव्हता. खुर्ची रिकामी.

मी कशी बाहेर आले मला माहीत नाही. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, आई बसली होती. हातात पंप. समोरून माणसं येत-जात होती, आणि ती सगळ्यांच्या देखत डोकं वर करून दुसऱ्यांदा पंप घेत होती. मी जाऊन तिच्यासमोर बसले आणि गळ्याकडे बघितलं. खळगा आत जात होता, पण थोडाच. मग आणखी कमी. ती बोट वर करून मला थांब म्हणाली. मी थांबले.

"झालं," ती म्हणाली. "बरं आहे आता. पण तू कशाला उठून आलीस गं? आता भटजीचं पुढे काय झालं ते मला कोण सांगणार? जा, ऐकून ये."

"मी कुठ्ठे जाणार नाही!"

"अगं जा म्हणते ना! चांगला भाग चुकतोय."

मी गेले. दाराशी अंधारात उभी राहिले, एक कान बाहेर ठेवून, आणि प्रत्येक शब्द ऐकला, कारण एक जरी चुकला असता तरी तिनं मला सोडलं नसतं. पाच मिनिटांत धावत परत आले. ती तिथेच होती, शिट्टी बारीक झालेली, डोळे माझ्याकडे लागलेले.

"मांडवात पुरुष म्हणून कोणी उरतच नाही," मी सांगायला लागले. "नुसत्या बायका. मग भटजी गाता गाताच खाली वाकतात आणि हळूच एक चप्पल पायात घालतात."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. हात छातीशी गेला.

"आणि त्याच चालीत म्हणतात, मीही जरा बघून येतो..."

ती हसायला लागली, पोट धरून, माझ्या पाठीत धपाटा घालून. माझा हात आपोआप पर्सकडे गेला. पंप तिच्या मुठीत होता. ती डोळे पुसत म्हणाली, "अगं मग? पुढे?"

मी पुढचं सांगितलं.