हाड म्हटलं की येणारी

घाबरलेल्या कुत्र्याशी गोड बोलावं, असं आमच्या नातसुनेचं म्हणणं. तिनं रस्त्यावरचं एक भेदरट कुत्रं घरात आणलंय आणि माझा आवाज मोठा म्हणून मला ओसरीवरून उठवते. घर तिचंही आहे, म्हणून मी उठतो. पण गोड बोलण्याचं कौतुक मला कुणी सांगू नये. गोड बोलून माणसं काय करतात ते मी पाहिलंय. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तोंडातला घास कडू होतो. नातू म्हणतो, बाबा, लिहून काढा, राग जाईल. मी शाळेत दुसरीच्या पुढे गेलो नाही, अक्षर माझं बैलाच्या मुतासारखं वाकडं. तरी लिहितो. राग जावा म्हणून नाही. राहावा म्हणून.

आमचा तेलाचा घाणा होता. गाव शहाद्याच्या खालच्या अंगाला, तापीकडे. राज्य साहेबाचं, पण गावात पाटलाचं. सकाळी सकाळी तेल्याचं तोंड पाहिलं की दिवस वाईट जातो, असं म्हणून माझ्यासमोर थुंकणारी माणसं दुपारी भांडं घेऊन माझ्याच दारात उभी राहायची. मीही मुकाट देत नव्हतो. दोन शब्द सुनवायचो, मग भांडं भरायचो. माझा आवाज तिथेच मोठा झाला. दिवसभर बैलावर ओरडायचं, लाकडी घाणा करकर वाजतो, त्याच्या वर आवाज काढावा लागतो. बायको म्हणायची, देवाशी बोलतानासुद्धा तुम्ही भांडतच आहात असं वाटतं.

मारुतीच्या दिव्याचं तेल मात्र आमच्या घाण्यावरून जायचं. माझ्या बापापासून. दर शनिवारी, पहिल्या धारेचं, तिळाचं. त्याचं कुणाकडून काही घ्यायचं नाही. गावात आम्हाला मान असेल तर तो एवढाच होता, आणि मी तो जपून होतो.

एका उन्हाळ्यात पाटलाच्या गाईला पिसाळलेलं कुत्रं चावलं. गाय हंबरून हंबरून मेली. वाईटच झालं, मी नाही म्हणत नाही. पुढे चारसहा दिवसांनी पाटलाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तांब्याची कळशी घेऊन घाण्यावर आला.

"दादा, मारुतीले तेल द्या."

"आज शनिवार कोठे शे रे?"

"पाटील बाना नवस शे. बाकीना ढोरं वाचोत म्हनीसन."

नवस म्हटल्यावर मी काय बोलणार? कळशी गळ्यापर्यंत भरून दिली. सालदार उचलताना म्हणाला, "दादा, तुमनं मन मोठं शे." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्या वाड्यावरून माझ्यासाठी चांगला शब्द कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाणा जुंपत होतो, तर गल्लीतून हाक ऐकू आली. "यू यू यू... ये वं माय, ये... यू यू यू." इतकी गोड हाक, की एखाद्या बाईनं तान्ह्या पोराला घालावी. मी बाहेर डोकावलो. सालदार टोपलीतून पुऱ्या टाकत चालला होता आणि मागे पाटील, हाका मारत. गावची सगळी कुत्री शेपट्या हलवत त्यांच्या मागे. जन्मात पुरी न खाल्लेली ती कुत्री. मला वाटलं, नवसाचा प्रसाद असेल. वाटलं, पाटील सुधारला.

ऊन वर यायच्या आत गल्लीत कुत्री पडायला लागली. पाय ताठ, मान मागे, तोंडाला फेस. पुऱ्यांत कुचला कुटून घातला होता. डोंगरातून येणाऱ्या त्या कडू बिया, कुत्री मारायला लोक वापरायचे. नुसत्या भाकरीत घातला तर कुत्रं हुंगून सोडून देतं. तळलेल्या पुरीत सोडत नाही. माझ्या दारापुढे अर्धी पुरी पडली होती. मी उचलून वास घेतला. माझं तेल. मारुतीचं.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला लिहिता येत नाही. पिसाळलेली कुत्री मारावीत, ते मला कळतं. समोर येऊन सांगायचं, तेल्या, कुत्री मारायची आहेत, तेल दे. मी दिलं असतं की नसतं, ते माझं मी पाहिलं असतं. पण देवाचं नाव सांगून माझ्या हातून घेतलं. बापाच्या हातचा दिवा होता तो.

पेंडीच्या ढिगाआड काहीतरी ओकत होतं. पाहिलं तर एक भुरी कुत्री, हडकुळी, एका कानाला चीर गेलेली. तिनं खाल्लेलं बरंच बाहेर पडलं होतं, तरी अंग झटके देत होतं. मी बायकोला ताक आणायला सांगितलं.

"मरी जाऊ द्या ना तिले," ती म्हणाली. "कोन शे ती आपली?"

"मन्हा तेलवर मरी ऱ्हायनी ती! मरू देनार नही."

दया बिया काही नव्हती, खरं सांगतो. त्याआधी मी त्या कुत्रीला दगडच मारले असतील. पण त्या दिवशी मला पाटलाचं एक तरी काम अर्धं ठेवायचं होतं. तिचा जबडा फाकवून ताक ओतलं. तिला चावायचंही बळ नव्हतं. संध्याकाळपर्यंत झटके थांबले आणि ती सरपटत घाण्याखालच्या खोबणीत शिरली.

तिथून ती बाहेर येईना. बायको तशी मायाळू. मी नाही म्हणून तिला दोघांची माया करावी लागायची. भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती खोबणीपाशी बसली आणि म्हणाली, "यू यू... ये." कुत्री किंचाळली. मारल्यासारखी किंचाळली, जागीच मुतली आणि भिंतीत शिरायला पाहू लागली. बायकोनं दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. हातातल्या भाकरीकडे ती विंचवाकडे पाहावं तशी पाहायची. आम्ही दोघं उठून गेलो की मग जमिनीवर सांडलेली पेंड चाटायची. दिवसेंदिवस वाळत चालली. बायको म्हणाली, "ही वाचनी, पन जगनार नही."

एक दिवस मी तेल गाळत होतो. मागे खुडबुड झाली म्हणून पाहिलं तर बाईसाहेबांचं तोंड तेलाच्या डब्यात. एवढं वाचवलं, आणि माझ्याच तेलात तोंड! मी जोरात ओरडलो, "हाड!"

ती पळाली नाही. शेपूट पायात घालून, पोट जमिनीला घासत आली आणि माझ्या पायाशी बसली. मी पुन्हा म्हटलं, "हाड, हाड!" ती आणखी जवळ सरकली. रागानं भाकरीचा तुकडा फेकला, तो तिनं खाल्ला.

मला कळायला वेळ लागला नाही. जन्मभर तिला ज्यानं त्यानं हाडच म्हटलं होतं. हाड म्हणणारा फार तर दगड मारतो. दगड लागतो, बरा होतो. गोड हाक तिनं एकदाच ऐकली, आणि त्या हाकेमागे कुचला होता. मग ती कोणत्या हाकेवर भरवसा ठेवणार?

त्या दिवसापासून तिचं नाव हाड. बायको हसून हसून दमली. "चांगली भेटनी तुमले. गोड बोललेलं दोघासले चालत नही."

पण गावात कुत्री जिवंत राहिली ही गोष्ट लपणार थोडीच. पाटील चार माणसं घेऊन माझ्या अंगणात आला. सालदाराच्या हातात काठी. आमच्याकडे समज होता, कुचला खाऊन जे कुत्रं वाचतं ते पुढे पिसाळतं.

"विष खायेल कुत्री शे ती," पाटील म्हणाला. "गावले धोका. काढ बाहेर."

"मन्ही शे," मी म्हटलं.

"तुन्ही कधीपाईन? गावनी कुत्री शे. तुन्ही शे त बोलाव. कोंडवाडानी रीत माहीत शे ना?"

रीत मला माहीत होती. कोंडवाड्यात एका ढोरावर दोघांनी हक्क सांगितला की दोघांनी हाक मारायची. ढोर ज्याच्या हाकेला येईल, त्याचं. आमच्या भागात ही रीत सगळे मानायचे, पाटीलसुद्धा. पण पाटलाला काय माहीत होतं, ते मलाही कळत होतं. सगळ्या गावाला एव्हाना ठाऊक होतं की तेल्याची कुत्री बोलावलं की लपते. सालदारानं काठी खाली धरली होती, नेम धरल्यासारखी.

पहिल्यांदा पाटलानंच बोलावलं. खाली बसला, हात पुढे केला. "यू यू यू, ये माय, ये." तीच हाक. खोबणीतून नखं घासल्याचा आवाज आला, ती अजून आत सरकत होती.

"दखा. मन्ही नही," पाटील हसला. "आते तू बोलाव."

ती आली नाही तर माझ्या डोळ्यांदेखत काठी बसणार होती, आणि हाक मी मारलेली असणार होती. मी घाण्याच्या वर आवाज काढतो तसा काढला. "हाड! हाड, रांडे, हाड!"

ती बाहेर आली. माणसांच्या पायांमधून, थरथरत, पण थेट आली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवून बसली.

चौघेही हसायला लागले. सालदार तर काठी टेकून हसत होता. "दादा, उलटी कुत्री पाळी तुम्ही!"

पाटील हसला नाही. "हाड म्हन्या त जावाले पाहिजे. ही बोलावनं नही, हाकलनं शे. रीत मोडनी."

तेव्हा माझ्या तोंडाचा बांध फुटला. "रीत? पाटील बा, तुम्ही यू यू म्हनीसन कुचला चारतस. मी हाड म्हनीसन भाकर देस. आते तिनी काय शिकानं? आनि रीत कोनी मोडी? त्या पुऱ्या मारुतीना तेलमा तळ्यात तुम्ही!"

हसणं थांबलं. बाकीच्यांना तेलाचं माहीत नव्हतं. एकानं पाटलाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. पाटलानं धोतराचा सोगा झटकला. "ठेव. कोनले चावनी त तुले पाही लेसू," म्हणून निघाला. चुकलं, हा शब्द त्याच्या तोंडातून आला नाही. मेला तोवर आला नाही.

त्यानंतर त्याचे तीळ लोणखेड्याच्या घाण्यावर जायला लागले. जाऊ देत. मारुतीचं तेल मी कुणाच्या भांड्यात घातलं नाही. शनिवारी स्वतः घेऊन जायचो, स्वतः ओतायचो. हाड पायरीखाली बसायची. गावातल्या बायका "यू यू" करून तिला चिडवायच्या, मी त्यांना हाड म्हणायचो, आणि ती उठून माझ्याकडे यायची.

पुढे पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. लोणखेड्याचा घाणा नेमका बंद. पाटलानं अक्षत पाठवली, निरोप पाठवला, "ये रे भाऊ, घरनं काम शे." मी गेलो नाही. दुसरा निरोप त्याहून गोड. बायको म्हणाली, "जा ना, कितला गोड बोलावी ऱ्हायना." म्हटलं, म्हणूनच नाही जात. शेवटी पाटील स्वतः दारात आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा गरजला, "येस का नही रे, तेल्या? माजना का तू?"

मी उठलो. घाणा जुंपला. मागून बायको फडक्यात तोंड घालून हसत होती, ते मला कळलं.

पण तेल मी पाटलाच्या माणसाच्या हाती दिलं नाही. स्वतः कढईत ओतलं आणि पुऱ्या तळून संपेपर्यंत कढईपाशी उभा राहिलो. हाड पायाशी. पंगतीत मला बसवलं, पानात पुरी वाढली. पाटलानं चार माणसांत मोठेपणा दाखवायला एक पुरी हाडपुढे टाकली. तिनं हुंगली नाही. तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं.

मी पान तसंच ठेवून उठलो. लग्नघरातून आम्ही दोघं उपाशी परत आलो. बायकोनं दारातच विचारलं, "काय झायं?"

म्हटलं, "भाकर टाक. दोन जनासले."